शिंपीणबाईंचे टेबल फाटकावर

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझी धाकटी बहीण न्यासाच्या कार्यालयात धापा टाकत शिरली, तेव्हा मी तिचाच अर्ज तिसऱ्यांदा तपासत होतो.

"दादा, पेन खाली ठेव. भंगारवाल्याचा ट्रक आज येतोय."

"ट्रक परवा यायचाय," मी म्हणालो. "दुसऱ्या पानावर तूच तसं लिहिलंयस."

"मग ट्रकला जाऊन वाचून दाखव ते दुसरं पान! आज तीन वाजता येतोय. मालकांचं सामान बांधून झालंय, संध्याकाळच्या गाडीनं मुलाकडे निघालेत कायमचे. मला म्हणाले, ट्रक दारात उभा राहिला की किल्ली त्याच्या हातात. त्याआधी ट्रस्टचं पत्र आलं तर तुझ्या हातात. आता कोणासाठी थांबायचं बळ नाही म्हणाले."

किल्ली मोज्यांच्या कारखान्याची होती. कारखाना बंद पडून सात महिने झाले होते आणि चाळीस घरे त्या सात महिन्यांत हळूहळू खाली बसत चालली होती. गावावर कठीण दिवस आले की आमचा न्यास जे करतो, ते आम्ही केलेच. पूल कोसळला त्या वर्षी न्यासाने वर्षभर नाव चालवली होती. साथीच्या वर्षी याच खोलीतून तीस खाटा घरोघर गेल्या होत्या. या वेळी धान्याच्या आणि तेलाच्या पिशव्या मागच्या दाराशी ठेवल्या, कारण पुढच्या दाराने यायला माणसे लाजतात. मुलांच्या फिया भरल्या. भिंतीशी उभ्या असलेल्या हत्यारांच्या कपाटातून करवती, रंधे, इस्त्र्या, शिवणयंत्रे ज्याला जे चालवता येईल ते वापरायला दिले. फक्त माझ्या बहिणीने काही घेतले नाही. ती कारखान्यात अकरा वर्षे पाळीप्रमुख होती. पिशवी पुढे केली की म्हणायची, "ही आठवड्यात संपते, दादा. यंत्र दे."

तेच तिने अर्जात मागितले होते. न्यासाने कारखान्याची शेड आणि आतली अठरा विणयंत्रे आपल्या ताब्यात घ्यावीत आणि कामगारांना चालवायला द्यावीत. मालक काहीही न घेता द्यायला राजी होते. अट एवढीच, की जबाबदारी न्यासाची असावी, आणि न्यासाने ती पत्राने पत्करावी. अर्ज माझ्यापाशी तेरा दिवसांपूर्वी आला. पहिल्यांदा मी तो परत केला, कारण त्यावर कोणत्याही नोंदणीकृत संस्थेचा शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा परत केला, कारण यंत्रांची यादी क्रमवार नव्हती. दोन्ही उणिवा खऱ्या होत्या. तेरा दिवसही खरेच होते.

बहिणीने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही. ती चिडली असती तर मी वाद घातला असता, आणि वादात मी सहसा हरत नाही.

"सभा बोलाव," ती म्हणाली.

मी टेलिफोन उचलला.

सात विश्वस्तांपैकी पाच हजर असल्यावाचून न्यासाचा ठराव होत नाही. एक विश्वस्त लेकीकडे परदेशी गेले होते. दुसरे डोळ्यांवर पट्टी बांधून इस्पितळात पडले होते. उरलो पाच, म्हणजे प्रत्येक जण हवाच. अध्यक्ष डॉक्टरीणबाई दहा मिनिटांत आल्या. गळ्यातली नळी काढायलाही त्या थांबल्या नव्हत्या. त्यांच्या पाठोपाठ फोटोमास्तर आले. यांचा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे आणि न्यासाच्या प्रत्येक ठरावावर निदान तीन हरकती घेणे हे ते आपले कर्तव्य मानतात. शेवटी सलूनवाले मामा आले, वरच्या खिशात कात्री तशीच. आणि त्यांच्या मागून गळ्याला पांढरे कापड बांधलेला, डावी बाजू कापलेला आणि उजवी बाजू तशीच राहिलेला एक गृहस्थ आला.

"हे कोण?" मी विचारले.

"गिऱ्हाईक," मामा म्हणाले. "अर्ध्यावर सोडलं तर म्हणाले, मी तुमच्या मागंच येतो, तुमचा भरवसा नाही. आटपा लवकर."

पाचवे विश्वस्त म्हणजे रेल्वे फाटकावरचे अण्णा. ते टेलिफोनवर सापडले, आणि सापडूनही उपयोग झाला नाही.

"बदलीचा माणूस तापानं झोपलाय," अण्णांचा आवाज नेहमीप्रमाणे संथ होता. "सहा वाजेपर्यंत मला फाटक सोडता यायचं नाही."

"दहा मिनिटं, अण्णा!"

"दहा मिनिटांत दोन गाड्या जातात, कार्यवाह."

मी टेलिफोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितले. मग मामा म्हणाले, "त्यात काय? आपण फाटकावर जाऊ. सभा तिथं घेऊ."

"घेता येणार नाही," मी म्हणालो. "चौथं कलम."

चौथे कलम सर्वांना पाठ होते. ज्या शिंपीणबाईंनी आपले घर आणि साठवलेले सर्व काही गावाच्या नावे करून हा न्यास स्थापन केला, त्यांनी तरुणपणी एका टंचाईच्या वर्षी पाहिले होते, की मदत कोणाला द्यायची याचा निर्णय एका धनिकाच्या दिवाणखान्यात बंद दाराआड झाला, आणि घोंगड्या त्याच्याच नोकरचाकरांत वाटल्या गेल्या. म्हणून न्यासपत्रात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: 'ज्या टेबलावर मी चाळीस वर्षे कापड बेतले, त्या टेबलापाशी बसूनच माझ्या न्यासाचा प्रत्येक निर्णय व्हावा. अन्यत्र झालेला निर्णय माझा नव्हे.' ते टेबल आमच्या खोलीच्या मध्यभागी होते. सात फूट लांब, अस्सल सागवानी, कडेला इंचांच्या खुणा कोरलेल्या, आणि वर कात्रीच्या टोकाचे शेकडो ओरखडे.

डॉक्टरीणबाईंनी टेबलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "शिंपीणबाईंनी टेबल कुठं असावं हे लिहिलंय?"

"नाही, पण..."

"मग टेबल उचला."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी सांगितले, की स्थापनेपासून हे टेबल या खोलीबाहेर गेलेले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की स्थापनेपासून अण्णांचा बदलीचा माणूसही आजारी पडलेला नाही. मी म्हणालो, ते दारातून निघणार नाही. तोवर माझी बहीण टेबलाखाली शिरली होती.

"पाय बोल्ट-चाकीनं आवळलेत!" ती आतून ओरडली. "पाना दे, दादा!"

"पाय काढले तर ते टेबल राहत नाही," मी म्हणालो. "ती फळी होते. आणि कलमात फळी हा शब्द नाही."

फोटोमास्तरांनी आपल्या काठीने स्वतःच्या कृत्रिम पायावर टक् टक् असा आवाज केला. "कार्यवाह, जपून बोला. मी रात्री झोपताना काय होतो, फळी?"

मामा एवढे हसले की खिशातली कात्री खाली पडली. मी मुकाट्याने हत्यारांच्या कपाटातून पाना काढला.

दोन वाजायला पाच मिनिटे कमी असताना शिंपीणबाईंचे टेबल प्रथमच रस्त्यावर आले. बहिणीबरोबर कारखान्यातल्या सहा बायका बाहेर थांबल्याच होत्या. वरची फळी त्या सहा जणींनी, मामांनी आणि अर्धवट केस कापलेल्या त्या गृहस्थांनी धरली. एकेक पाय डॉक्टरीणबाई, फोटोमास्तर, मी आणि बहीण असा वाटून घेतला. कागद, पेन आणि ठरावाचा मसुदा माझ्या बगलेतल्या पिशवीत होता. मसुदा मी आठ मिनिटांत लिहिला होता आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती, हे मी येथे नोंदवून ठेवतो.

छापखान्याच्या कोपऱ्यावर वरच्या गच्चीतून एक बाई ओरडली, "कोण घर सोडून चाललंय?"

"कोणी नाही!" बहीण खालून ओरडली. "सभा आहे! फाटकावर!"

"टेबलाची?"

"टेबलावर!"

बाई पदर खोचत जिना उतरल्या आणि फळीखाली आल्या. पुढे चांभाराचे दुकान होते. त्याची रापी आणि ऐरण न्यासाच्या कपाटातली होती. तो दुकान उघडे टाकून आला. सायकल दुरुस्तीवाला आला. चढ सुरू झाला तशी माणसे वाढत गेली आणि फळी हलकी होत गेली. मी मागून चालत होतो, म्हणून मला सगळ्यांचे खांदे दिसत होते. त्यातले कितीतरी चेहरे मी मागच्या दाराशी अंधुक उजेडात पाहिले होते. पिशवी घेताना मान खाली घालणारी तीच माणसे आता भर दुपारी, भर रस्त्यात, मोठमोठ्याने एकमेकांना दटावत होती.

"डावीकडून घ्या, डावीकडून! खड्डा आहे!"

"अहो, उचला जरा, नुसता हात लावून काय उभे आहात?"

"मी केस कापायला आलो होतो!" त्या गृहस्थांचा आवाज आला, पण त्यांनी खांदा काढला नाही.

मला धाप लागली होती, टेबलाचा पाय खांद्याला रुतत होता, आणि मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दोन पंचविसाला आम्ही फाटकाशी पोहोचलो. अण्णा आपल्या गुमटीच्या दारात उभे होते, गुंडाळलेली हिरवी आणि लाल निशाणे काखेत. एवढी मिरवणूक पाहूनही त्यांची भुवई हलली नाही.

"रेल्वेच्या हद्दीत टेबल ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "तो पांढरा दगड दिसतोय ना? त्याच्या पलीकडे."

"आणि तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"मी अलीकडे."

पांढऱ्या दगडाला लागून टेबल उभे राहिले. बहिणीने चारही चाक्या आवळल्या आणि हाताने हलवून पाहिले. टेबल ठाम होते. अण्णांनी गुमटीतले स्टूल आणून दगडाच्या आपल्या बाजूला ठेवले आणि हात लांब करून टेबलाच्या कडेवर तळवा टेकला. त्यांचा देह रेल्वेच्या हद्दीत होता आणि तळवा शिंपीणबाईंच्या. कलमात 'टेबलापाशी' असे आहे. मी मनातल्या मनात दोनदा पडताळून पाहिले आणि सभा सुरू झाल्याचे जाहीर केले.

ठराव वाचला. सह्या झाल्या की तोच मालकांना द्यायचे पत्र. आमच्याकडे रीत अशी, की विश्वस्ताने नुसती सही करायची नाही. आपण होकार का देतो ते सर्वांदेखत एका वाक्यात सांगायचे, मग सही. आणि हरकत असेल तर आधी हरकत.

"हरकत," फोटोमास्तर म्हणाले.

"पहिली?" मी विचारले.

"तीनही एकदम घ्या, वेळ नाही. एक, मोजे विकत कोण घेणार? ते कोणी घेत नव्हतं म्हणूनच कारखाना बंद पडला. दोन, यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? तीन, वर्षभरानं पुन्हा बंद पडलं तर गाव शिव्या मालकाला नाही, ट्रस्टला घालणार."

हरकती रास्त होत्या. त्या मीही घेतल्या असत्या. सगळे माझ्या बहिणीकडे पाहू लागले.

तिने पदराला हात पुसले आणि झोळीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. तो एक मोजा होता, पण चमत्कारिक: टाच नाही, बोटे नाहीत, शिवण नाही, नुसती मऊ निमुळती पिशवी.

"मास्तर, हा ओळखलात?"

फोटोमास्तरांनी मोजा उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कृत्रिम पायाच्या आत घालतात तो," बहीण इतरांना म्हणाली. "शिवण असली की जखम होते. मागच्या महिन्यात मी मास्तरांना एक दिला होता, वापरून बघा म्हणून. घरच्या हातयंत्रावर दिवसाला दोनच होतात. कारखान्यातल्या एका यंत्रावर तासाला वीस होतील. त्याच यंत्राला फक्त टाच विणायचं विसरायला शिकवायचं! आणि बिघडलं तर दुरुस्त मी करणार. अकरा वर्षं कोण करत होतं?"

"मोठ्या इस्पितळात हे कुठून कुठून मागवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि लागतात त्याच्या निम्मेसुद्धा मिळत नाहीत. माझ्याकडे लेखी मागणी आहे. मी सकाळीच..."

त्यांचे वाक्य अर्धेच राहिले. गुमटीत घंटी वाजली.

अण्णा उठले. टेलिफोनवर आकडा ऐकला, परत म्हणून दाखवला, वहीत लिहिला, आणि फाटकाचे चाक फिरवू लागले. दांडा करकरत खाली आला. "मालगाडी," ते म्हणाले. "लांबलचक आहे."

बरोबर त्याच वेळी फाटकाच्या पलीकडच्या बाजूला ट्रक येऊन उभा राहिला.

दोन चाळीस झाले होते. ट्रक वीस मिनिटे आधी आला होता. ट्रकच्या टपावर दोर, पहारी आणि चार हमाल. पुढे चालकाशेजारी पांढऱ्या सदऱ्यातला भंगारवाला शेठ. कारखाना आमच्या बाजूला होता, फाटकापासून चारशे पावलांवर, आणि मालक किल्ली घेऊन तेथेच थांबले होते. चालकाने भोंपू दाबला, दाबूनच ठेवला.

"सही करा!" बहीण ओरडली. "सगळ्यांनी!"

"कारण सांगून!" मीही ओरडलो, कारण मालगाडीचे इंजिन आता समोरून धडधडत निघाले होते आणि जमीन थरथरत होती.

अण्णा हिरवे निशाण धरून गुमटीसमोर ताठ उभे. आमच्याकडे त्यांची पाठ.

डॉक्टरीणबाई टेबलावर वाकल्या. "मागणी आहे आणि हात रिकामे आहेत!" त्या किंचाळल्या आणि सही केली.

"माझ्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांनी सात महिने केस वाढवलेत!" मामा ओरडले. "मला माझा धंदा परत पाहिजे!" आणि सही केली.

माझी पाळी आली. मी काय बोललो ते त्या खडखडाटात कोणालाच ऐकू गेले नाही, पण मी ते बोललो, आणि येथे लिहितो: "कारण तेरा दिवस माझ्यामुळे गेले." सही केली.

फोटोमास्तर मोजा हातात धरून उभेच होते. डब्यामागून डबा जात होता. "मास्तर!" मामा ओरडले. "फोटोला उभे आहात का?" मास्तरांनी तोंड उघडले, सगळा दम एकवटला, आणि नेमका त्याच क्षणी शेवटचा डबा निघून गेला. भर शांततेत त्यांचा आवाज दोन्ही बाजूंच्या लोकांना ऐकू गेला:

"हरकत माझी कायम आहे, पण पाय तिच्या बाजूनं आहे!"

फाटकाच्या दोन्ही अंगांना हशा उसळला. मास्तर लाल झाले आणि त्यांनी सही केली.

चार सह्या झाल्या. पाचवी अण्णांची.

"अण्णा, या!" मामा ओरडले. "आधी सही, मग फाटक! एका मिनिटानं काय होतंय?"

अण्णांनी गाडीच्या मागचे निशाण पाहिले, टेलिफोनवर गाडी गेल्याचे कळवले आणि थेट चाकाकडे चालू लागले.

"अण्णा!" बहिणीचा आवाज फाटला. "चाळीस घरं आहेत!"

"पलीकडे पण लोक उभे आहेत, पोरी," अण्णा म्हणाले. "गाडी गेली की फाटक उघडायचं. ते माझं नाही, रस्त्याचं आहे."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी करावे म्हणून. पण मी काय करणार? त्या जागी मी असतो तरी हेच केले असते. फरक एवढाच, की त्यांचा नियम पलीकडे उभ्या असलेल्या माणसांसाठी होता. माझ्या नियमांच्या पलीकडे कोण उभे होते, हा विचार मला तेथेच, त्या चाकाच्या करकरीत, प्रथम सुचला, आणि तो सुखाचा नव्हता.

दांडा वर गेला. आधी सायकली निघाल्या, मग हातगाड्या, मग ट्रकचे इंजिन घरघरले. अण्णांनी चाकाला कडी घातली, कडी ओढून पाहिली, आणि मग, जन्मात कधी न धावलेले अण्णा, तीन ढांगांत स्टुलाशी आले.

"कारण," मी म्हणालो.

"बंद पडलेलं उघडलं पाहिजे," अण्णा म्हणाले, आणि सही केली. पाच!

मी पिशवीत हात घातला आणि तळापर्यंत चाचपले.

"शिक्का!" मी म्हणालो. "न्यासाचा शिक्का कार्यालयात राहिला!"

इतरांचे बारीकसे अपराध वर्षानुवर्षे दाखवून देणारा मी. माझ्याकडे पाचही विश्वस्त, नव्हे, उरलेले चारही ज्या नजरेने पाहत होते ती मी जन्मभर विसरणार नाही. बहिणीच्या हातात कागद होता आणि ती जागच्या जागी थिजली होती. शिक्का नसलेला कागद मी काय करतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

न्यासपत्राची बावीस कलमे माझ्या डोळ्यांसमोरून झरझर सरकली. सह्या, होत्या. टेबल, होते. कारणे, होती. शिक्का? कोणत्याच कलमात नव्हता. शिक्क्याचा नियम नऊ वर्षांपूर्वी मीच केला होता, अर्जावरच्या शिक्क्याचाही मीच, यादीच्या क्रमाचाही मीच. शिंपीणबाईंनी यातले काहीही कधी मागितले नव्हते.

"पळ!" मी ओरडलो. "शिक्का लागत नाही! पळ!"

ती पळाली. कागद डोक्यावर धरून, चपला हातात घेऊन, कारखान्याच्या रस्त्याने ती अशी सुटली की सायकलवाले बाजूला झाले.

ट्रक रूळ ओलांडून आमच्याजवळ आला, आणि तिच्या मागे निघाला असता तर अर्ध्या मिनिटात तिला गाठून पुढे गेला असता. पण तो थांबला. भंगारवाला शेठ खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. त्याची नजर टेबलावर खिळली होती.

"काय हो," तो खाली उतरत म्हणाला, "पलीकडून मघापासून बघतोय. सागवान आहे का?"

देवाशपथ सांगतो, मी त्याला अडवले नाही. खोटेही बोललो नाही. त्याने विचारले आणि मी उत्तर दिले.

"अस्सल," मी म्हणालो. "पण त्याचं वय समजून घ्यायचं असेल तर जरा मागून सुरुवात करावी लागेल."

"करा की," शेठ म्हणाला आणि फळीवर बोटाने ठोकून कान लावला.

मी शिंपीणबाईंच्या वडिलांपासून सुरुवात केली. मग सुताराचे घराणे, मग कडेच्या इंचांच्या खुणा, त्यांतली सतरावी खूण अठरावीपेक्षा किंचित आखूड का आहे त्याविषयीचे दोन मतप्रवाह, आणि त्यांपैकी पहिला का टिकत नाही याची कारणे. शेठ खाली वाकून सांधे पाहत होता. चालकाने दोनदा भोंपू वाजवला; शेठने न बघता हात हलवला. फोटोमास्तर, ज्यांनी आयुष्यभर माझ्या लांबणीवर हरकत घेतली होती, ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "दुसराही मतप्रवाह सविस्तर सांगा."

"बोला, काय घेणार?" शेवटी शेठ म्हणाला. "कारखान्यातलं लोखंड भरून झालं की येताना उचलतो."

"विकायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग हे एवढा वेळ काय सांगत होते?"

"तुम्ही विचारलंत," मी म्हणालो.

शेठ काही बोलणार एवढ्यात कारखान्याच्या दिशेने आवाज आला. आधी घशात अडकल्यासारखा, खरखरीत. मग एकदम मोकळा, उंच, लांबच लांब. भोंगा! सात महिने मुका असलेला कारखान्याचा भोंगा. चांभार जागच्या जागी उडी मारून ओरडला. सहाही बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गच्चीवाल्या बाई रडू लागल्या आणि रडताना मामांच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यातल्या पांढऱ्या कापडाने डोळे पुसू लागल्या. अण्णांनी खिशातले घड्याळ काढले आणि वेळ पाहिली: दोन एकावन्न.

शेठने भोंगा संपेपर्यंत ऐकले. मग ट्रककडे, टेबलाकडे, माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळा हिशेब उमटला. मला वाटले, आता भांडण होणार. मी तयारच होतो. पण तो कंबरेवर हात ठेवून हसू लागला.

"तीस वर्षं या धंद्यात आहे," तो म्हणाला. "जुनं लाकूड दिसलं की पाय आपोआप थांबतो. बायको रोज सांगते." त्याने हमालांकडे मान वळवली. "उतरा रे. रिकामा ट्रक परत न्यायचा तर हे तरी भरा. कुठं पोचवायचं, काका?"

"पाय काढावे लागतील," मी म्हणालो. "पाना माझ्याकडे आहे."

"तुम्हाला चालेल ना?" डॉक्टरीणबाईंनी गंभीरपणे विचारले. "फळी होते म्हणे."

आम्ही पहिली चाकी सैल करत होतो, तेव्हा बहीण परत आली. अनवाणी, केस सुटलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत वंगणाने काळे, आणि मुठीत बोटभर लांबीची किल्ली. ती टेबलापर्यंत आली, किल्ली कात्रीच्या ओरखड्यांवर ठेवली, आणि मला वाटले ती आता तेरा दिवसांचे बोलणार.

"दादा," ती धापा टाकत म्हणाली, "एक चूक झाली. भोंगा आता ट्रस्टचा आहे ना? तो वाजवायची परवानगी मागायची राहिली. उद्या अर्ज आणून देते. शिक्क्यासकट."

सगळे माझ्याकडे पाहत होते. अण्णासुद्धा.

"टेबल अजून उभं आहे," मी म्हणालो. "पाचही जण हजर आहेत. तोंडी माग."